आधी अंदाज, मग पट्टी

ताई, दुसरीच्या वर्गात पहिल्याच दिवशी पट्टी वाटू नका. आधी वितीने बाक मोजू द्या. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, मग सेंटिमीटर कशाला हवा हे पोरांना आपसूक कळतं.

पट्टी दिली की बघा, निम्मी पोरं १ पासून मोजतील, काही पट्टीच्या कडेपासून. बऱ्याच पट्ट्यांवर शून्य कडेपासून थोडं आत असतं, ते बोट ठेवून दाखवा. काही जण रेघा मोजतात. सेंटिमीटर म्हणजे लागोपाठच्या दोन आकड्यांच्या रेघांमधली जागा, हे १ सेंटिमीटरचे कागदी तुकडे पट्टीवर मांडूनच पटतं. यावर आठवडा गेला तरी जाऊ द्या. नंतर तुटकी पट्टी द्या: काडी ३ वर सुरू, ११ वर संपली, तर लांबी किती? ११ म्हणणाऱ्याला अजून तुकडे लागतील.

वस्तू आपल्याकडच्याच घ्या, पऱ्हाटीची काडी, भुईमुगाची शेंग, भरताचं वांगं (वाकडं असेल तर दोरा लावून). अंदाज आधी वहीत लिहायचा, मोजल्यावर खोडायचा नाही. त्याला चूक-बरोबरची खूण तर मुळीच करू नका; फरक किती आला, तेवढंच शेजारी लिहायला सांगा.