बोट बंद, मेंटेनन्स थकला

प्रश्न : ताई, आम्ही रत्नागिरीत राहतो. यजमान ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. सोसायटीचा 11 महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय, 19,800 रुपये. काल दारावर, तोरणाच्या खालीच नोटीस चिकटवली. घर जाईल का?

उत्तर : वहिनी, आधी जीव शांत करा. नोटीस म्हणजे जप्ती नव्हे. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154 ब-29 खाली सोसायटी निबंधकांकडून वसुली दाखला मिळवू शकते. मग मात्र प्रकरण जप्तीपर्यंत जातं. तिथवर जाऊच देऊ नका. कमिटीकडे आजच लेखी हप्ते मागा, पोच घ्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा हप्ता लहान ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर मोठा. चालू बिल थकवू नका. आणि चारचौघांत दारावर नोटीस लावणं मला मुळीच पटलं नाही. अर्जात तेही लिहा.