मारहाण नाही, शिवीगाळ नाही, मग याला छळ म्हणायचं का?

तुमचा प्रश्न असा: नवरा हात उचलत नाही, शिवी देत नाही, तरी संध्याकाळी गेटापाशी त्याची स्कूटर थांबली की पोटात गोळा येतो. सासू म्हणते, "तू फार मनाला लावून घेतेस." मग याला छळ म्हणायचं का?

ताई, एकेक वाक्य सुटं घेतलं तर ते किरकोळच वाटतं. "हुमणात मीठ नाही." "तुझ्या माहेरच्यांना काय कळतं?" "मी असं म्हणालोच नव्हतो." म्हणून त्याच्या वाक्यांपेक्षा तुमच्या वागण्यात काय बदललंय ते पाहा. आईचा फोन आला की अंगणात जाऊन घेता का? बाजारातून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर वाटेतच कारण जुळवता का? साधा शंभर रुपयांचा खर्च सांगण्याआधी त्याचा मूड बघता का? भांडणं सगळ्याच घरांत होतात, पण दरवेळी माफी एकानेच मागायची आणि घाबरायचंही त्यानेच, हे भांडण नव्हे. होय, हा छळ आहे. नवरा तारवावर, म्हणजे बोटीवर नोकरीला असला तरीही हा छळ होतो. दिवसातून चार वेळा व्हिडिओ कॉल लावून "घर दाखव, कोण आलंय" विचारणं ही काळजी नसते.

मधले चांगले दिवस फार फसवे. चवथीला चार माणसांत तो प्रेमाने वागतो, साडी आणतो, आणि आधीचे पंधरा दिवस तुम्हाला स्वतःलाच खोटे वाटू लागतात. यासाठी तीन आठवडे नोंद ठेवा: तारीख, वेळ, त्याचे नेमके शब्द, समोर कोण होतं, त्यानंतर तुम्ही काय केलं. "वाईट बोलला" असं लिहू नका, शब्द जसेच्या तसे लिहा. तो तुमचा फोन उघडत असेल तर फोनमध्ये मुळीच लिहू नका. वही बहिणीकडे किंवा कामाच्या जागी ठेवा. आणि ती वही त्याच्यापुढे टाकून जाब विचारू नका. बहुतेकदा इथेच चूक होते: तो बदलत नाही, फक्त सावध होतो आणि पाळत वाढते. दोघांनी मिळून समुपदेशनाला जायची घाईही नको. तिथे बोललेलं घरी आल्यावर तुमच्यावरच उलटतं. पहिल्यांदा एकटीने जा.

परिणाम घर सोडल्यावरही लगेच जात नाहीत. दार आपटलं की दचकणं, पहाटे तीनला जाग येणं, सगळ्यांना सारखं "सॉरी" म्हणणं, बाजारात बांगडे घ्यायचे की तारले एवढंही ठरवता न येणं. वर्षानुवर्षं सावध राहिलेलं शरीर धोका टळला तरी पहारा सोडत नाही. याला स्वभावदोष समजू नका. यावर उपचार आहेत. गोव्यात बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

कायद्याचं थोडं. 2005च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 3मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. अंगावर वळ असायची अट नाही. कलम 19खाली राहत्या घरातून तुम्हाला काढू नये असा आदेश मागता येतो, कलम 22खाली मानसिक त्रासाची भरपाई. कायद्यात 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं आहे, पण प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. वकिलाचा खर्च अडत असेल तर बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 15100 या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर विचारा. "घराबाहेर काढीन" ही धमकी गोव्यात तर आणखी पोकळ. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथल्या कायद्याने मालमत्तेत सहसा तुमचा अर्धा वाटा असतो आणि तुमच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. लग्ननोंदणीच्या दाखल्याची प्रत आजच काढून त्या वहीबरोबर ठेवा.