लॅमिन शिकायला सुरुवात करतोयस ना, मग हे आधी वाच

अरे, लॅमिन बिघडल्याने होणाऱ्या आजारांची यादी पाठ करत बसू नकोस, मीही आधी तेच केलं आणि डोक्यात नुसता गोंधळ झाला. आधी जीन पकड. एलएमएनए या एकाच जीनमधून स्प्लायसिंग (जीनच्या आरएनए प्रतीतले तुकडे कापून जोडणं) वेगळं होऊन लॅमिन ए आणि सी ही दोन्ही प्रथिनं बनतात, आणि त्यांची जाळी न्यूक्लियसला आतून आधार देते. आता गंमत बघ, याच जीनमध्ये म्युटेशन कुठे आहे त्यावर कुणाला एमरी-ड्रायफस मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजवणारा आजार) होते, कुणाला हातापायाची चरबी जाणारी लिपोडिस्ट्रॉफी (इथे बहुतेकदा ४८२ नंबरचं अमिनो आम्ल बदललेलं असतं).

प्रोजेरिया (लहान मुलं अकाली म्हातारी दिसू लागतात तो आजार) मात्र नीट वेळ देऊन वाच. २००३ मध्ये सापडलेलं ते म्युटेशन अमिनो आम्ल बदलतच नाही, पण स्प्लायसिंग चुकतं, ५० अमिनो आम्लं गळतात, त्यातच एरवी जिथे शेपटी कापली जाते ती जागाही जाते म्हणून फार्नेसिलची (चरबीसारख्या रेणूची) शेपटी तशीच चिकटून राहते आणि प्रोजेरिन, म्हणजे हे बिघडलेलं लॅमिन ए, न्यूक्लियसच्या पडद्यात अडकून बसतं. लोनाफार्निब हे औषध ती शेपटी लागूच देत नाही, २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

आणि हो, एलएमएनएमध्ये म्युटेशन असलेले पेशंट बघणार असशील तर स्नायू ठीक दिसले तरी ईसीजी सोडू नकोस, हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशात अडथळा) गुपचूप येतो, घरातल्यांचीही तपासणी करायला सांग.