पगार तेवढाच, पण पद देतायत: घेऊ का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी भुसावळचा. बऱ्याच वर्षांपासून एका प्रकाशनासाठी कॉमिक्स काढतो, पानामागे पैसे मिळतात. मागच्या वर्षी त्यांनी अहिराणी गोष्टींची मालिका सुरू केली, ती चांगली खपतेय, आता मालक म्हणतात तू क्रिएटिव्ह हेड हो, जळगावला ऑफिसात बस आणि बाकीच्या पोरांकडून काम करून घे. पगार म्हणाल तर आत्ता महिन्याला जेवढे सुटतात साधारण तेवढाच. घरचे म्हणतात नोकरी आहे, हो म्हण. मला भीती वाटते की चित्रं काढायची सवयच सुटेल. मोठ्या कंपन्यांत असं होतं का? काय करू?

उत्तर: भाऊ, आधी अभिनंदन. अहिराणीत कॉमिक्स निघतायत आणि पोरं ती विकत घेऊन वाचतायत हे ऐकूनच खूप बरं वाटलं.

आणि हो, मोठ्या कंपनीत अगदी असंच झालेलं आहे. अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्स या कंपनीत कार्माईन इन्फँटिनो नावाचे चित्रकार होते, फ्लॅश या सुपरहिरोचा १९५६ चा नवा अवतार त्यांच्या हातचा, १९६४ ला बॅटमॅनचं रूपडं बदललं तेही त्यांनीच. त्यांना मार्व्हल या स्पर्धक कंपनीच्या स्टॅन ली यांनी २२,००० डॉलरची ऑफर दिली तेव्हा डीसीवाले म्हणाले तेवढे पैसे जमणार नाहीत पण आर्ट डायरेक्टर करतो, अशी हकीकत सांगतात. ते थांबले, १९६७ ला एडिटोरियल डायरेक्टर झाले, १९७१ ला पब्लिशर. वर गेल्यावर त्यांनी जो क्युबर्ट, डिक जिओर्डानो, जो ऑर्लँडो अशा चित्रकारांनाच एडिटर म्हणून बसवलं, मला त्यांचं हे काम सगळ्यात मोठं वाटतं, कारण पान कसं उभं राहतं हे कळणारा माणूस आता टेबलाच्या पलीकडेही आला. पण १९७६ ला त्यांना काढलं. मग त्यांनी परत पेन्सिल धरली, मार्व्हलसाठी स्टार वॉर्सची कॉमिक्स काढली. म्हणजे मधल्या इतक्या वर्षांत सवय काही सुटली नव्हती, तुमच्या भीतीला माझं पहिलं उत्तर हेच.

आत्ताचं उदाहरण चित्रकार जिम ली यांचं. मार्व्हलच्या एक्स-मेन मालिकेचा १९९१ चा पहिला अंक त्यांनी काढला, ८० लाखांच्या वर प्रती गेल्या. २०१० ला डीसीचे को-पब्लिशर झाले, २०१८ ला चीफ क्रिएटिव्ह ऑफिसर, २०२३ ला प्रेसिडेंटसुद्धा. या काळात दर महिन्याचं काम कमी झालं आणि कव्हरं जास्त, हे खरंच, पण २०२५ ला ते बॅटमॅनच्या आतल्या पानांवर परत आले. वेळ राखून ठेवला तर जमतं, आपोआप मात्र जमत नाही.

एक गोष्ट मनातून काढा, की कलाकार वर बसला म्हणजे कलाकारांचं भलं होतंच. जिम शूटर तेरा-चौदा वर्षांचे असल्यापासून कॉमिक्स लिहायचे, १९७८ ते १९८७ मार्व्हलचे मुख्य संपादक होते, आणि त्यांच्याच काळात मार्व्हलची कितीतरी गाजलेली पात्रं उभी करणारे चित्रकार जॅक कर्बी यांना स्वतःची मूळ चित्रं परत मिळवायला मार्व्हलशी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, शेवटी मिळाली तीही सगळी नाहीत. उलट डीसीत इन्फँटिनोंच्या जागी आलेल्या जेनेट कान चित्रकार नव्हत्या, मुलांच्या मासिकांतून आल्या होत्या, आणि तिथे १९८१ ला लेखक-चित्रकारांना विक्रीवर रॉयल्टी सुरू झाली ती त्यांच्याच काळात.

म्हणून तुम्ही कागद बघा. आज तुम्ही मानधनावर आहात, उद्या पगारी होणार, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार सहसा नोकरी देणारा मालकच असतो, वेगळा करार नसेल तर. मासिकात नोकरी करून मासिकासाठी काढलं असेल तर छापण्यापुरता हक्क त्यांचा आणि बाकीचा तुमचा, पण पुस्तकरूपात काढलं की हे संरक्षण नाही. पगार तेवढाच ठेवून पात्रं मात्र त्यांची झाली, असं नको व्हायला. जुनी पात्रं कुणाची, नवीन कुणाची, तुम्ही सोडून गेलात तर काय, हे सही करायच्या आधी लिहून घ्या आणि एखाद्या वकिलाला दाखवा. वर्षाला एक पुस्तक तुमच्या हातचं, तेही ऑफिसच्या वेळेत, हेसुद्धा त्याच कागदावर. आणि पोरांच्या पानाचा दर ठरवायचा अधिकार मागा, तो नसेल तर तुम्ही फक्त मालकाच्या तारखा पोरांना सांगणारे होऊन बसाल.

तरी मी म्हणेन की या अटींवर घ्याच. कारण सांगतो. आपल्या देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे संवादाच्या फुग्यात दोन ओळींमध्ये जागा जास्त लागते. इंग्रजी पान समोर ठेवून पॅनल, म्हणजे चित्राची चौकट, आखलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो, मग लेटरिंगवाला, म्हणजे फुग्यात अक्षरं भरणारा, अक्षर बारीक करतो आणि तिसरीतलं पोरगं पुस्तक बाजूला ठेवतं. हे रफ स्केचलाच पकडावं लागतं, शाई झाल्यावर कुणी पान परत काढत नाही. ज्याने स्वतः अशी पानं काढलीत त्यालाच ते दिसतं, आणि अहिराणी पहिल्यांदाच छापील वाचणाऱ्या पोरांसाठी तर हे फार महत्त्वाचं आहे. तुमच्या ऑफिसात ही नजर दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न: आम्ही शिरपूरच्या तिघी मैत्रिणी, स्वतःचंच कॉमिक्स प्रकाशन काढायचं म्हणतोय. तिघीही चित्रकार. मॅनेजर लागतो का?

उत्तर: ताई, लागतो. १९९२ ला मार्व्हलचे सात गाजलेले चित्रकार बाहेर पडले आणि इमेज कॉमिक्स काढलं, ज्याचं पात्र त्याच्याच मालकीचं, हा नियम इतका पक्का की कंपनीकडे स्वतःचं म्हणून नाव आणि लोगोच. हे तुम्ही जसंच्या तसं उचला. पण अंक उशिरा यायला लागले, आगाऊ ऑर्डर दिलेल्या दुकानदारांचे पैसे अडकले, आणि १९९३ ला त्यांना लॅरी मार्डर यांना कारभार बघायला आणावं लागलं, ते स्वतः कॉमिक्स काढणारेच होते. तुमच्यातली जी तारखा आणि हिशेब नीट ठेवते तिला ते काम द्या, पण त्याचे वेगळे पैसेही द्या, नाहीतर वर्षभरात तीच आधी वैतागेल. आणि पहिला अंक दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत छपाईला टाकू नका, प्रेसवाले तेव्हा दिवाळी अंकांत अडकलेले असतात.