आजोबा बेने इस्रायल, आई मराठा, तर इस्रायलला यावं का?

तुझा प्रश्न वाचून सोडून देणार होते, पण जमलं नाही. तू लिहितेस की वडिलांचे वडील पेणचे बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आई मराठा, घरी गणपती यायचा आणि नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, आजोबांचं बोट धरून मशिदीतही (सिनेगॉगला, ज्यू प्रार्थनास्थळाला, आपल्यात मशीदच म्हणतात) जायचीस, आता आपण नेमके कोण यावर पुस्तक लिहायचंय आणि ते इथे येऊन राहिल्याशिवाय होणार नाही. उल्पान म्हणजे हिब्रूचे वर्ग, भत्ता, भारतीय पासपोर्ट सोडणं वगैरे ज्यूंना इथे आणणाऱ्या ज्युइश एजन्सीवाले सांगतीलच, त्यात मी पडत नाही.

जे आधी कोणी सांगत नाही ते सांगते. इथे ज्यू असणं दोन वेगळ्या खिडक्यांवर ठरतं. नागरिकत्वाला एक आजोबा पुरतात, १९७० पासून कायदाच तसा आहे. पण लग्नाच्या खिडकीवर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि ते बघतात आई ज्यू आहे का. म्हणजे तू नागरिक होशील, मत देशील, टॅक्स भरशील, पण गियुर, म्हणजे रीतसर धर्मांतर, केल्याशिवाय इथे ज्यू म्हणून लग्न लागणार नाही. कोर्ट मॅरेज हा प्रकार इथे नाहीच, लोक सायप्रसला जाऊन लग्न करून येतात.

माझे तर आईबाबा दोघंही आपलेच, ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये लग्न लागलेलं, तरी माझ्या वेळी आईच्या आईपर्यंतचे कागद मागितले. आजी एका कागदावर रिबका, दुसऱ्यावर रेबेका आणि रेशनकार्डावर सोनाबाई, कारण गावात तिला सगळे तेच म्हणायचे. क्लार्क म्हणे, ह्या तीन बायका कोण? आता यातली गंमत बघ, १९६२ ला मुख्य रब्बींनी आदेश काढला होता की बेने इस्रायलांचं लग्न नोंदवताना मागच्या पिढ्या तपासा, आपले लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, शेवटी १९६४ ला क्नेसेतने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत. त्या ठरावाच्या वेळी मी जन्मलेही नव्हते, आणि तो क्लार्क तर नक्कीच नाही.

बरं, ते कागद मी विसरेन. मुलीची शाळा नाही विसरत. सातवीत इथे घराण्याच्या मुळांचा प्रोजेक्ट असतो, कोणी पोलंड आणलं, कोणी इराक, कोणी मोरोक्को. हिने नवगावला फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली, सगळं चित्रं काढून लिहिलं. बाईंनी समासात लिहिलं, ही दंतकथा आहे, पुरावा जोड. त्याच शाळेत नोहाची नाव पुराव्याशिवाय शिकवतात! त्यानंतर पोरगी मलिद्याला, म्हणजे एलियाहू पैगंबराच्या नावाने आपण करतो त्या विधीला, यायचीच बंद झाली. आता सैन्य वगैरे करून मोठी झालीये, मराठी कळतं पण उत्तर हिब्रूत, आणि म्हणते आई किती वर्षं तेच घेऊन बसणार.

एकटेपणाचं विचारलंयस. होतो, मग सवय होते. दिमोना, अश्दोद, लोद, सगळीकडे आपली माणसं आहेत.

तुला वाटतंय इथे पाय ठेवला की आतलं काहीतरी जागेवर बसेल. माझं उलटं झालं, ठाण्यात आई बिरड्याच्या सणाला वाल सोलायला बसवायची तेव्हा पळायचे, आता इथे फ्रोझन वाल शोधत दुकानं पालथी घालते. रागही येतो स्वतःचा, पण परत ये म्हटलं तर नाही येणार मी, घर, पेन्शन, पोरगी सगळं इथे. तेव्हा माझं ऐकून ठरवू नकोस.

पण पुस्तकासाठी म्हणशील तर तिकीट काढायच्या आधी नवगावचं दफनस्थान बघ, अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहूचा खडक बघ, अलिबागच्या सिनेगॉगमध्ये जुन्या नोंदी मिळतात का विचार आणि मिळाल्या तर फोटो काढ, इथे त्यांचा उपयोग होईलच. आणि एवढं लांब लिहिलंस, आजोबा, वडील, आत्या सगळे आले, तुझी आई यावर काय म्हणते ते कुठेच नाही. तिला विचारलंयस ना?