दोन मुलांचा कडक कायदा केला तर लोकसंख्या आटोक्यात येईल का?

तुम्ही विचारलंय, दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांच्या सवलती काढून घेणारा कायदा सरकार देशभर का करत नाही. मी सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर २८ वर्षं नर्स होते. माझं मत ठाम आहे : असला कायदा नको.

महाराष्ट्रात त्याची चव आपण घेतली आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं सदस्यपद त्यापायी गेलं. दोन मुलींवर ऑपरेशन करून घ्यायला त्या तयार होत्या, पण मुलगा हवा म्हणून घरचे अडून बसले. हट्ट घरच्यांचा, पद गेलं बाईंचं.

१९७६ साली तर आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते थांबलं. पण आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती इतकी, की मी नोकरीला लागल्यावरही पुरुष नसबंदीचं नाव काढलं की माणसं उठून जायची. आजही कुटुंबनियोजनाचा भार बायकांवरच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी स्त्री नसबंदी जवळपास ३८ टक्के, पुरुषांची ०.३!

जननदर मात्र असल्या देशव्यापी कायद्याशिवायच उतरला. १९९२-९३ मध्ये बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, आता २. तरी लोकसंख्या वाढतेय, कारण तरुण जोडपी भरपूर आहेत. प्रत्येकाने दोनच मुलं होऊ दिली तरी काही वर्षं आकडा चढणारच. जन्म पुढे गेले की ही वाढ मंदावते, म्हणून पहिला पाळणा लांबवणं मोलाचं.

२००७ मध्ये आमच्या जिल्हा परिषदेने नवविवाहितांसाठी योजना काढली. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. पैशांपेक्षा मला त्या निमित्ताने नव्या सुनेशी बोलता आलं, हे मोठं. सासूबाई उंबऱ्यातच बसलेल्या असायच्या. मी आधी त्यांचं बीपी बघायचे, मग सुनेच्या पापण्या खाली ओढून दाखवायचे, "बघा, रक्त किती कमी आहे. आत्ताच दिवस गेले तर बाळंतपणात जिवावर बेतेल." पुष्कळदा सासूबाईच म्हणायच्या, "मग गोळ्या द्या की हिला."

कुटुंब आरोग्य पाहणीत शाळा न पाहिलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८. दहावीनंतर कॉलेज लांब म्हणून घरी बसवलेल्या आणि वर्षभरात लग्न झालेल्या कितीतरी पोरी मी पाहिल्यात. सरकारला पैसा घालायचाच असेल तर त्या पोरींच्या गावाला सकाळची एसटी सुरू करावी आणि उपकेंद्रात तांबी बसवणारी नर्स रोज हजर ठेवावी.