पार्किंगचे ५०० रुपये आणि थांबलेली होमलोनची फाइल

भुसावळच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांनी पार्किंगच्या पावतीचे आणि तिथल्या बोर्डाचे फोटोही पाठवलेत. पत्र थोडक्यात असं:

"दिवाळीच्या आधीच्या रविवारी सासूबाईंना घेऊन किराणा भरायला जळगावच्या एका मोठ्या सुपरमार्केटला गेले. गाडी तळघरात लावली. ग्राहकांना दोन तास पार्किंग मोफत आणि पुढे तासाला २० रुपये, असा तिथला नियम. बिलाच्या रांगेतच पाऊण तास गेला. खाली आले तर पुढच्या चाकाला जॅमर. पार्किंगवाला म्हणाला, १,००० रुपये दंड भरा, नाहीतर गाडी सुटणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या पायरीवरच बसून राहिल्या. शेवटी ५०० रुपये फोनवरून दिले आणि तो सांगेल तसं 'उरलेले ५०० आठ दिवसांत देईन' असं लिहून सही केली. आता रोज व्हॉट्सॲपवर मेसेज येतो की भरा, नाहीतर २,००० होतील, कोर्टाची नोटीस येईल, सिबिल खराब होईल. आमची २५ लाखांच्या होमलोनची फाइल तयार आहे. बँकेची प्रोसेसिंग फी माफीची योजना महिनाअखेरपर्यंतच आहे, नाहीतर ८,७५० रुपये अधिक जीएसटी भरावा लागेल. पण सिबिलच्या भीतीने मी फाइल थांबवली आहे. मिस्टर म्हणतात, देऊन टाक, विषय संपव. दीर म्हणतात, कोर्टात खेचू. मी काय करू?"

ताई, आधी फाइल. उद्या शाळा सुटली की थेट बँकेत जा आणि ती देऊन या. ८,७५० वर १८ टक्के जीएसटी धरला तर १०,३२५ रुपये होतात. पार्किंगवाला मागतोय ५००, आणि त्याच्या धाकाने तुम्ही दहा हजार घालवायला निघाल्या आहात. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

सिबिल म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद. त्यात माहिती जाते ती बँका, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था अशांकडून. त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. तुम्ही पार्किंगवाल्याकडून कर्ज घेतलेलं नाही आणि तो कर्ज देणारी संस्थाही नाही. त्याला तुमच्या सिबिलमध्ये एक ओळसुद्धा घालता येत नाही. मनाची खात्री हवी असेल तर स्वतःचा रिपोर्ट काढून बघा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०१७ पासून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. होमलोन घ्यायच्या आधी तो बघावाच, पार्किंगचा विषय असो वा नसो.

आता त्या 'दंड' शब्दाकडे या. दंड करायचा अधिकार सरकारचा, आणि सरकारने कायद्याने ज्यांना दिला त्यांचा. ट्रॅफिक पोलिसांनी चलन फाडलं तर तो दंड. तुमच्या एमएच-१९ गाडीचा नंबर महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर स्वतः टाकून बघा. या प्रकरणाचं काही तिथे दिसणार नाही, कारण हे चलन नाहीच. जॅमरचंही तसंच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मध्ये चाकाला जॅमर लावण्याची तरतूद आहे, पण त्याची परवानगी देणारा गणवेशातला पोलीस अधिकारी असतो. पार्किंगच्या ठेकेदाराचा पोरगा नव्हे.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने लिंक किंवा फाइल आली तर ती उघडू नका. खोट्या चलनाची फाइल पाठवून फोनचा ताबा घ्यायचा आणि खातं रिकामं करायचं, ही फसवणूक देशभर चालू आहे. अशी लिंक चुकून उघडली गेली तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

मग हे पैसे आहेत तरी काय? जागा त्यांची, गाडी तुमची आणि अटी बोर्डावर, म्हणजे हा एक साधा करार झाला. ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ गाडी उभी राहिली, म्हणजे करारातली एक अट तुमच्याकडून मोडली. पावतीवर तुम्ही आत आल्याची वेळ ५:०५ आहे, बिलावर छापलेली वेळ ७:१२ आहे आणि तुम्ही पैसे दिले ७:३० ला. म्हणजे मोफतच्या वेळेवर २५ मिनिटं झाली. एक तास धरला तरी २० रुपये. ताई, हे २० रुपये तुमचं देणं आहे आणि ते नाकारू नका. दिवाळीची गर्दी, रांग, एकच काउंटर चालू, हे सगळं खरं असलं तरी आपली बाजू स्वच्छ असली की पुढचं बोलणं सोपं जातं.

पण २० चे १,००० कसे होतील? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात मोठी रक्कम लिहून ठेवली म्हणून ती सगळी मिळत नाही. वाजवी भरपाई तेवढी मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही त्याची वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात हे पक्कं केलं. तासाला २० रुपये घेणाऱ्या जागेत २५ मिनिटांचं नुकसान हजार रुपये होतं, असं कुणालाही दाखवता येणार नाही. तुम्ही रुग्णवाहिकेची वाट अडवली असती किंवा अपंगांच्या जागेत गाडी लावली असती, तर मीही वेगळं बोललो असतो. तुम्ही आखलेल्या पट्ट्यातच गाडी लावली होती.

याच कायद्याचं कलम ७२ तुमच्यासाठी जास्त कामाचं आहे. चुकीने किंवा जबरदस्तीने ज्याला पैसे दिले गेले त्याने ते परत करायचे, असं ते सांगतं. त्याखाली एक उदाहरण दिलं आहे आणि ते नेमकं रेल्वेचं आहे. भुसावळकरांना लगेच कळेल. रेल्वे कंपनी बेकायदा जादा भाडं मागते आणि ते दिल्याशिवाय माल सोडत नाही. माल सोडवायचा म्हणून माणूस पैसे भरतो. कायदा म्हणतो, जेवढं बेकायदा जादा घेतलं तेवढं परत मिळवायचा त्याला हक्क आहे. मालाच्या जागी तुमची गाडी ठेवा. तुम्ही दिलेल्या ५०० मधले २० त्यांचे, ४८० तुमचे.

सहीची चिठ्ठी तुम्हाला रात्री झोपू देत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. याच करार कायद्याच्या कलम १५ मध्ये जबरदस्तीची व्याख्या आहे आणि कुणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं किंवा तशी धमकी देणं हे त्यात स्पष्ट येतं. अशा दबावाखाली दिलेली संमती तुम्हाला मागे घेता येते. चाकाला कुलूप आणि म्हातारं माणूस पायरीवर, अशा वेळी केलेली सही मी तरी राजीखुशीची मानणार नाही. फक्त ती मागे घेतल्याचं लेखी कळवायला हवं. गप्प बसलात तर उद्या ते म्हणतील, बाईंना मान्य होतं.

पावतीचा फोटो मी मोठा करून पाहिला. पिवळा, अर्धा फाडलेला कागद. वर नुसतं 'पार्किंग' असा शिक्का, गाडीचा नंबर पेनाने. ठेकेदाराचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, आणि ५०० रुपये कशाचे ते लिहिलेलं नाही. तुमच्या फोनमध्ये पैसे गेल्याचं नाव दिसतंय ते दुकानाचं नाही, कंपनीचंही नाही, एका माणसाचं आहे. बोर्डाच्या फोटोत 'दोन तास मोफत' ही अक्षरं हातभर मोठी आहेत आणि दंडाची ओळ तळाशी, पाइपच्या मागे. हे फोटो जपून ठेवा. व्यवहाराचा स्क्रीनशॉट, त्यातला यूटीआर नंबर (म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक), किराण्याचं बिल आणि धमकीचे मेसेज एकत्र करून घरातल्या कुणाला तरी पाठवून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल काही काळाने पुसट होतं, म्हणून त्याचा फोटो आजच काढा.

आता निर्णय. मिस्टरांचं म्हणणं मला कळतं. घरात दोन पगार आहेत, ५०० रुपयांनी काही अडत नाही आणि रोजच्या मेसेजचा त्रास थांबेल. पण त्या मेसेजमध्येच ५०० चे २,००० होतात असं लिहिलंय, म्हणजे आकडा त्यांच्या तोंडाला येईल तो आहे. उरलेले ५०० दिलेत तर विषय संपेल याची हमी कुणी दिलेली नाही. उलट, दिले म्हणजे मागणी मान्य, असा अर्थ ते काढतील. तेव्हा ५०० देऊ नका.

दीरांना सांगा, कोर्टाची घाई नको. इमारतीच्या मंजूर नकाशात पार्किंग किती दाखवलंय ते माहितीच्या अधिकारात काढू, असं ते सुचवतील. तेही आत्ता नको. तुमच्याकडे आत्ताच पुरेसे कागद आहेत, आणि चार महिने महापालिकेत खेटे घालायचं हे प्रकरण नाही. माझ्या हिशोबाने यावर तुमच्या दोन संध्याकाळी जाव्यात, त्याहून जास्त नाही.

पहिली संध्याकाळ पत्राची. पत्र ठेकेदाराला नाही, सुपरमार्केटच्या मॅनेजरला लिहायचं आणि त्यांच्या मुख्य कार्यालयालाही. ग्राहक तुम्ही त्यांच्या आहात, ठेकेदार त्यांनी नेमलाय. मजकूर एवढाच पुरे: "अमुक तारखेला तुमच्या दुकानात खरेदी केली, बिल जोडलं आहे. मोफत वेळेपेक्षा २५ मिनिटं जास्त झाली, त्याचे २० रुपये मला मान्य आहेत. तुमच्या पार्किंगवाल्याने जॅमर लावून ५०० रुपये घेतले आणि आणखी ५०० देण्याचं लिहून घेतलं. ती संमती मी मागे घेत आहे. ४८० रुपये १५ दिवसांत परत करावेत आणि उरलेली मागणी रद्द केल्याचं लेखी कळवावं. यापुढे पैशांसाठी फोन किंवा मेसेज करू नयेत." खाली सही आणि तारीख. स्पीड पोस्टने पाठवा, पोच घ्या, त्याची प्रत ईमेलही करा. रागाचा शब्द एकही नको. फसवणूक, लूट, खंडणी हे शब्द मनात कितीही आले तरी पत्रात आणू नका, नाहीतर मॅनेजर मुद्दा सोडून त्या शब्दांनाच उत्तर देत बसेल.

बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. दुकानवाल्याला दर महिन्याला चार-पाच हजारांचा किराणा नेणारं घर हवं असतं, ४८० रुपये नको असतात. पत्र पाठवण्याआधी प्रत्यक्ष जाऊन मॅनेजरला भेटता आलं तर आणखी चांगलं. मात्र बोलणं तोंडी झालं तरी पत्र द्याच.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरी संध्याकाळ. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, त्यावर मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागते.

त्यानंतर उरतो जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन टाकता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीत 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' असं लिहा. 'अनुचित करार' या मुद्द्यावर भर दिलात तर ते प्रकरण राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातं आणि उगाच लांबतं. कायद्यात तीन महिन्यांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात तारखा त्याहून पुढे जातात. म्हणून नुसत्या ४८० रुपयांसाठी मी तुम्हाला तिथे पाठवणार नाही, तुमच्या रजांची किंमत त्याहून जास्त आहे. पण पत्रानंतरही धमक्या चालू राहिल्या, शाळेत फोन येऊ लागले किंवा घरी माणूस आला, तर मात्र जा आणि मनस्तापाची भरपाईही मागा. त्या वेळी मी रजा मोजायला सांगणार नाही. त्यांनी वकिलाची खरी नोटीस पाठवली तर ती बाजूला टाकू नका. वकिलाला दाखवून मुदतीत उत्तर द्या.

पुन्हा असा प्रसंग आला तर हुज्जत न घालता ११२ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत थांबा. बरोबर आजारी माणूस असेल, थांबणं शक्यच नसेल, तर पैसे द्या, पण पावतीवर 'हरकत राखून पैसे देत आहे' एवढे शब्द लिहून मगच सही करा. सासूबाईंना तिथे तसं बसून राहावं लागलं याचं मला खरंच वाईट वाटलं. तुम्ही त्या वेळी ५०० देऊन त्यांना घरी आणलंत ते योग्यच केलंत.

मॅनेजर ४८० रुपये परत देताना 'माझी काही तक्रार नाही' असा कागद पुढे करेल. सही करायला हरकत नाही. फक्त त्याच कागदावर 'उरलेल्या ५०० रुपयांची मागणी रद्द केली आहे' हे वाक्य त्यांच्याकडून लिहून, शिक्का मारून घ्या, आणि तुम्ही लिहून दिलेली ती चिठ्ठी परत मागा.